जुन्या फियाटचं डुलणं आणि कुर्ल्याचं भंगार



मागच्या आठवड्यात वांग्याच्या प्लॉटचा फोटो टाकला होता. त्यात मागे आमची फियाट उभी दिसली. दोघातिघांनी फोन केला, वांग्याबद्दल एक शब्द नाही, सगळं गाडीबद्दल. "अजून चालते का?" "पार्ट कुठं मिळतात?" "वळणावर डुलत नाही का?" म्हटलं आज शेतीला सुट्टी, गाडीवरच लिहू. ज्यांच्याकडं जुनी ओम्नी, सुमो, मार्शल आहे त्यांनाही उपयोग होईल.

आधी जागा सांगतो, नाहीतर बाहेरच्या लोकांना कळणार नाही. आमचं गाव गोराई. पत्त्यावर मुंबई, तालुका बोरिवली. पावसाळ्यात भात, नंतर मुळा, माठ, वांगी, वाल. समोर खाडी आणि खाडीपलीकडं बोरिवली. बोटीनं दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडं. पण खाडीवर गाडीचा पूल नाही. चार चाकं घेऊन बोरिवलीला जायचं तर उत्तन, भाईंदर, काशीमिरा, दहिसर चेकनाका असा मोठा वळसा. पंचवीस-तीस किलोमीटर होतात. दिवसा टोपली घेऊन बोटीनं जाता येतं, पण रात्री उशिरा बोट नसते. मग गाडी हाच आमचा पूल. म्हणून गाडी धड असणं ही आमच्याकडं हौस नाही.

गाडी १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९९६ साली सेकंडहँड घेतली. गावात सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूक नाही. १९६४ साली इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी आपल्याकडं बनायला लागली, पुढं १९७४ पासून तिला पद्मिनी नाव मिळालं. बनायची कुठं, तर आपल्या कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात. वालचंदनगरचा साखर कारखाना ज्यांनी उभा केला, त्याच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. म्हणजे ऊसवाल्यांचं आणि या गाडीचं लांबचं नातं आहे बघा.

आता मुद्द्यावर येतो.

जुलै २०१४. रात्री दोनच्या सुमारास बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दरदरून घाम. बोट बंद. मी आणि आईनं त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर. पाऊस धो धो. उत्तनच्या रस्त्यावर एका वळणावर मी स्टेअरिंग फिरवलं तर आधी काहीच झालं नाही, मग एकदम गाडी आत ओढली गेली. मी घाबरून ब्रेक मारला. गाडी डावीकडं खेचली, मागचा भाग सरकला आणि मागचं चाक कठड्याला घासलं. इंजिन बंद पडलं. दोन मिनिटं फक्त पावसाचा आवाज आणि आईचं "काय झालं, काय झालं". पुन्हा सुरू केली आणि वीसच्या स्पीडनं बोरिवली गाठली. बाबा वाचले. पण डॉक्टर बोलले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बाबा कॉटवरून पहिलं वाक्य बोलले, "गाडी बघ आधी."

मला वाईट याचं वाटलं की गाडी डुलते, स्टेअरिंग सैल आहे, हे मला वर्षभर माहीत होतं. रोज चालवून हाताला सवय झाली होती. बांध रोज थोडा थोडा खचतो, तो आपल्याला दिसत नाही. पाहुणा आला की त्याला दिसतो. तसंच.

आता पहिली चूक सांगतो. घाईघाईत मी एका ओळखीच्या पोराचं ऐकलं. तो बोलला, "काका, रुंद टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल." एका दुकानातून रुंद डिस्क आणि वापरलेले रुंद टायर घेतले, साडेसात हजार घातले. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं, वळताना टायर आत घासायला लागले आणि डुलणं होतं तेवढंच राहिलं. पिवळं पान दिसलं की युरिया मारणारा शेतकरी आणि मी, दोघांत काही फरक नाही. मूळ कुजलंय का, पाणी साचलंय का, बघितलंच नाही.

मग भाईंदरला एक जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडं गेलो. कोकणातले, तीस वर्षं मुंबईच्या टॅक्स्यांवर काम केलेले. मी बोललो, "मिस्त्री काका, काय काय टाकायचं ते सांगा." ते बोलले, "टाकायचं नंतर. आधी काय गेलंय ते बघूया. आणि तू पण खाली वाक, नुसता उभा राहू नकोस."

त्यांनी जे जे दाखवलं ते लिहितो. घरी करून बघता येतं, पैसे लागत नाहीत. फक्त गाडी सपाट जागेवर घ्या, चाकाला दगड लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

एक. गाडी उभी, चाकं सरळ. एका बोटानं स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्या माणसानं पुढच्या चाकाकडं बघायचं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंग किती फिरतं ते मोजायचं. आमचं चार बोटं फिरत होतं. म्हणजे वळणावर पहिली चार बोटं वायाच.

दोन. पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवायचं. खटखट झाली तर कुठंतरी ढिलं आहे. पण कुठं? मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंग ढिलं. तरी चालू राहिली तर किंग पिन गेलेली. आमची दोन्ही बाजूची गेली होती. या गाडीला किंग पिनला ग्रीस निपल असतात. मी ट्रॅक्टरला दर आठवड्याला ग्रीस मारतो, पण गाडीच्या त्या निपलवर माती चढून त्या दिसायच्याच बंद झाल्या होत्या. सहा वर्षं ग्रीस नाही. ही चूक माझीच.

तीन. मागून बसून बघायचं, गाडी एका बाजूला बसली आहे का. आमची उजवीकडं दोन बोटं बसलेली. पाटे थकलेले, त्यातलं एक पान तुटलेलं. यू-बोल्ट पण ढिले. त्यामुळं अख्खा मागचा एक्सल थोडा तिरका झाला होता. तिरका नांगर जसा बैलाला एका अंगाला ओढतो तशी गाडी चालत होती.

चार. कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. आमची तीन-चार वेळा पाळण्यासारखी हलली.

पाच. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये खालून एक जाड वाकवलेला बार जातो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. वळणावर गाडी एका अंगावर झुकायला लागली की हा बार पिळला जातो आणि झुकणं कमी करतो. आमचा बार एका बाजूनं सुटून लोंबत होता. रबर बुशचा पत्ताच नव्हता.

सहा. चाकं उघडून ब्रेक बघितले. एका बाजूचं सिलिंडर गळत होतं. त्या रात्री ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडं का ओढली ते तिथं कळलं.

आणि सातवी गोष्ट मिस्त्रींनी गाडीच्या वर बोट दाखवून सांगितली. कॅरिअर. बाबांनी १९९६ सालीच बसवलेलं लोखंडी कॅरिअर. त्यावर आम्ही भाजीची पाच-सहा पोती टाकायचो. मिस्त्री बोलले, "डोक्यावर हंडा घेऊन पळून बघ कसं होतं ते. वजन खाली ठेव. डिकीत आणि मागच्या सीटवर जेवढं मावेल तेवढंच न्यायचं." या दुरुस्तीचा खर्च शून्य. पण घरात सगळ्यात जास्त भांडण यावरच झालं. बाबांना ते कॅरिअर म्हणजे गाडीची शान वाटायची. शेवटी मी ते काढून वालाच्या मांडवाला आडवं लावलं. अजून तिथंच आहे. वेल चांगला चढतो.

आता पार्ट कुठून आणायचे? गाडी बनणं २००० च्या सुमारास बंद पडलेलं. मिस्त्री बोलले, "जिथं जन्मली तिथं जा."

कुर्ल्याला सीएसटी रोडला, कपाडिया नगरच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून पटणार नाही. एका गाळ्यात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते गिअरबॉक्स, तिसऱ्यात छतापर्यंत पाटे. त्यात आमचं नशीब असं की २०१३ साली सरकारनं टॅक्सीची वयोमर्यादा पंचवीसवरून वीस वर्षांवर आणली होती. काळ्या-पिवळ्या पद्मिनी भंगारात निघत होत्या, त्यामुळं पार्टचे ढीग पडलेले. ज्या कुर्ल्यात एकेकाळी नव्या गाड्या बाहेर पडायच्या, तिथंच त्या तुटायला परत येत होत्या. कारखान्याच्या जागेवर आता मोठमोठ्या इमारती आहेत.

मिस्त्री काका स्वतः बरोबर आले होते. जाताना ट्रेनमध्ये त्यांनी एक नियम सांगितला, तो मी वहीत लिहून ठेवला आहे. "जे नुसतं लोखंड आहे ते जुनं चालेल. ज्यात रबर आहे, तेल आहे किंवा गोळी फिरते, ते नवंच घ्यायचं. आणि जे तुटलं तर माणूस मरतो, ते उघडून बघितल्याशिवाय घ्यायचंच नाही."

त्याप्रमाणे जुनं काय घेतलं?

मागच्या पाट्यांची जोडी. दोन्ही एकाच गाडीचे. जमिनीवर शेजारी ठेवून कमान सारखी आहे का बघितलं. मधल्या बोल्टच्या भोकापाशी चीर आहे का ते तारेच्या ब्रशनं घासून, बोटानं चाचपून बघितलं, कारण पाटा तिथूनच तुटतो. पहिल्या दोन जोड्या नापास झाल्या, तिसरी घेतली. एका बाजूचा जुना, एका बाजूचा नवा असं कधी करू नका, गाडी पुन्हा तिरकी बसेल.

स्टॅबिलायझर बार. हा नुसता स्टीलचा बार, वाकलेला आणि चिरलेला नसला की झालं. त्याचे रबर बुश मात्र नवे.

मूळ मापाच्या डिस्क. आमच्या दोन वाकलेल्या होत्या. मिस्त्रींनी डिस्क जमिनीवर गोल फिरवून, डोळ्याला लावून निवडल्या. रुंद डिस्क दुकानदारानं अर्ध्याहून कमी पैशात परत घेतल्या, तेही उपकार केल्यासारखं.

स्टेअरिंग बॉक्स. हा तिथंच उघडायला लावला. आतला वर्म झिजलेला नाही हे बघून मग पैसे दिले. बॉक्सला वरून एक स्क्रू असतो, तो आवळला की सैलपणा कमी होतो. पण बरेच जण तो नको तितका आवळतात. मग वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. ते जास्त धोक्याचं.

आणि नवं काय? किंग पिनचा सेट, टाय रॉड एंड, चारी शॉकअप, सगळे बुश, ब्रेकचे रबर आणि होज, आणि चारी टायर.

शॉकअपवरून मी तिथं दुसरी चूक केली. मिस्त्री चहाला गेले तेव्हा एका गाळ्यावर काळेभोर चकचकीत जुने शॉकअप सहाशेला जोडी मिळाले, मी घेऊन टाकले. मिस्त्रींनी आल्यावर एक हातात घेतला, दाबला आणि सोडला. दाबताना काहीच जोर लागला नाही. "रंग छान आहे," एवढंच बोलले. सहाशे रुपये गेले.

टायर घेताना एक बघत जा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २२१३ असेल तर २०१३ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुना टायर घेऊ नका. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर घसरतंच. बियाणाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, तसंच हे.

काम चार दिवस चाललं. किंग पिनचे बुश लेथवाल्याकडून रीमर मारून घेतले. शेवटी चाकांची दिशा बघितली. मिस्त्रींनी आधी खडूनं केली. पुढच्या दोन्ही टायरवर, एक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूनं एकेक खूण. दोन खुणांतलं अंतर टेपनं मोजलं. मग गाडी हातानं ढकलून चाक अर्धा फेरा फिरवलं. त्याच खुणा मागच्या बाजूला आल्या, पुन्हा अंतर मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी पाहिजे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना पण आपण हेच बघतो. नंतर मशीनवर तपासलं तर फारसा फरक निघाला नाही.

हिशेब विचारणारे खूप, म्हणून देतो. २०१४ चे भाव आहेत.

जुनं : पाटे जोडी १,८००, स्टेअरिंग बॉक्स ९००, दोन डिस्क ६००, स्टॅबिलायझर बार २५०. एकूण ३,५५०.

नवं : टायर ९,६००, शॉकअप ३,२००, किंग पिन सेट आणि लेथचं काम २,२००, टाय रॉड एंड १,४००, ब्रेकचं सामान ७००, बुश ४५०. एकूण १७,५५०.

मजुरी ३,०००. सगळं मिळून २४,१००.

यात रुंद टायरवर आणि काळ्या शॉकअपवर वाया गेलेले पैसे धरलेले नाहीत. ते माझ्या शिकवणीची फी.

बघा, भंगारातून आणलेला माल नव्या मालापेक्षा खूप कमी रकमेचा आहे. पण ते पाटे आणि तो बॉक्स मिळाला नसता तर गाडी उभीच राहिली असती. आणि बाकीचं पण भंगारातूनच आणलं असतं तर दहा-बारा हजार वाचले असते, आणि पुढच्या पावसात कदाचित कठडा ओलांडून आम्ही खाली गेलो असतो. स्वस्तात करायचं म्हणजे सगळंच जुनं घालायचं, असं नाही. कुठं जुनं चालतं ते ओळखून तिथं वाचवायचं आणि ते पैसे टायर-ब्रेकला घालायचे.

कायद्याचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. आपण त्याच गाडीचे, त्याच मापाचे पार्ट टाकले, त्यामुळं अडचण आली नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. तो भरा. कागद नसले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

सप्टेंबरमध्ये बाबांना तपासणीला न्यायचं होतं. पुन्हा पाऊस, पुन्हा तोच रस्ता. ते या वेळी पुढं माझ्या बाजूला बसले. पूर्वी वळण आलं की त्यांचा हात आपोआप डॅशबोर्डवर जायचा. स्टेअरिंग आता बोटभर फिरलं की चाक ऐकत होतं. त्या वळणावर मी जरा हळू घेतली, गाडी सरळ आपल्या रेषेत निघाली. "बाबा, बघितलं का?" म्हणून वळलो तर त्यांचा डोळा लागलेला. भाईंदर येईपर्यंत झोपले होते.

ते त्यानंतर चार वर्षं होते. तेवढ्या चार वर्षांत रात्रीच्या दोन फेऱ्या अजून झाल्या. दोन्ही वेळा गाडीचा विचार मनात आला नाही, फक्त बाबांचा आला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आता कुर्ल्यात पद्मिनीचे पाटे शोधले तरी सहज सापडत नाहीत. मी एक जोडी आणि एक बॉक्स ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. किंग पिनला ग्रीस महिन्याच्या पहिल्या रविवारी, ट्रॅक्टरबरोबरच. वहीत तारीख लिहितो, नाहीतर विसरायला होतं.

तुमची गाडी कुठलीही असू द्या, ओम्नीला किंग पिन नसेल, तिथं बॉल जॉइंट बघा. पण स्टेअरिंगला बोट लावून बघणं, चाक उचलून हलवणं, कोपरा दाबणं आणि टायरची तारीख वाचणं, या चार गोष्टी आज संध्याकाळी करा. अर्धा तास लागेल. आणि छतावर कॅरिअर असेल तर ते खाली उतरवा. मांडवाला कामाला येतं.

पुढच्या वेळी पुन्हा वांग्यावर. शेंडा अळीचे सापळे लावलेत, किती पतंग सापडले ते सांगतो.